साहेबांच्या वाटचा चहा

सोमवारी सकाळी खासदार धनाजीराव मळेकर भोरच्या संपर्क कार्यालयात येऊन बसले आणि दुपारपर्यंत त्यांच्याकडे कुणीही काहीही मागितलं नाही.

ज्यानं खासदारकी जवळून पाहिलेली नाही त्याला हे सुखाचं वाटेल. दिल्लीचं अधिवेशन संपलं की धनाजीराव आठवडाभर भोर-वेल्ह्यात मुक्काम टाकायचे आणि तेवढ्या दिवसांत माणसं त्यांना सळो की पळो करून सोडायची. कुणाला मुलाची बदली हवी, कुणाला गावात मोबाईलचा टॉवर हवा, कुणाच्या वाडीची एसटी बंद झालेली. कुणाची भावकीत बांधावरून जुंपलेली असायची आणि त्यात खासदारानं फोन करावा अशी अपेक्षा असायची. शेताच्या बांधाचा लोकसभेशी काय संबंध, असं विचारायची सोय नसते. धनाजीराव वरवर वैतागायचे आणि आतून सुखावायचे. माणूस मागतोय म्हणजे तो अजून आपला आहे, एवढं राजकारण त्यांना पक्कं कळत होतं.

त्या सोमवारी माणसं आली, नाही असं नाही. नमस्कार करून बसली, छताकडे बघितलं, "तब्येत कशी हाय सायेब?" एवढंच विचारलं आणि उठून गेली. आंबवड्याचा एक म्हातारा तर दरवेळी कालव्याच्या पाण्यावरून भांडायचा. तो आला, दोन्ही हातांनी धनाजीरावांचा हात धरून उभा राहिला आणि कालव्याचं अक्षर न काढता निघून गेला.

धनाजीरावांच्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली. तशी त्यांच्या मनातली पाल बाराही महिने जागीच असायची. त्यांनी आयुष्यात दोन नेते बदलले होते, त्यामुळे माणूस कसा फिरतो हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. आणि यावेळी तर कारणही होतं. पक्षातले आनंदराव तिकिटावर डोळा ठेवून बसले होते. वय चाळिशीचं, अंग जिममध्ये कमावलेलं, दाढी कोरलेली. निवडणुकीला अवकाश होता, पण दिल्लीतल्या एका वरिष्ठानं धनाजीरावांच्या सुटलेल्या पोटाकडे बघून "आता जरा तरणे चेहरे पाहिजेत" असं हसत हसत म्हटलं होतं. ते हसणं धनाजीरावांना झोंबलं. त्यांनी पुण्यातला एक डॉक्टर गाठला, साखर सोडली, चहा सोडला, अवेळी खाणं सोडलं. चार महिन्यांत ते निम्मे झाले. सदरा अंगावर लोंबायला लागला, गळ्याची कातडी सैल पडली, पण आरशात बघताना त्यांना आपण चाळिशीचेच दिसत होतो. माणसानं स्वतःला फसवायचं ठरवलं की आरसाही मदत करतो.

"आज माणसं गप का रं?" त्यांनी हनुमंतला विचारलं.

हनुमंत हा त्यांचा उजवा हात. किकवीचा. धनाजीराव जिल्हा परिषदेला पहिल्यांदा उभे राहिले तेव्हा भिंती रंगवायला आला होता, तो परत गेलाच नाही. खासदारांना काय सांगायचं, कधी सांगायचं, कुणाला आधी आत सोडायचं, सगळं त्याच्या हातात.

"कामाचे दिवस हाईत साहेब," हनुमंत म्हणाला. मग जरा घुटमळून म्हणाला, "साहेब, एक बोलू का? कुणाच्या घरी गेलो की घोटभर तरी चहा घेत जावा. लोकान्ला वाईट वाटतं."

"माझं पोट मी सांभाळतो, तू माझा दौरा सांभाळ," धनाजीराव म्हणाले. हनुमंतनं मान डोलावली आणि विषय तिथंच मिटला.

मंगळवारी वेल्हे. सरकारनं तालुक्याचं नाव राजगड केलं, पण एसटीत बसणारी बाई अजून वेल्ह्याचंच तिकीट मागते. गाडी इरशाद चालवत होता. तो भोरचा, गाडी आणि तोंड दोन्ही ताब्यात ठेवणारा. मार्गासनी गेली, विंझर गेलं, वेल्हे मागे पडलं आणि केळदच्या अंगाला डोंगरात एका वाडीवर ते पोहोचले. वाडीच्या आधी ओढा. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की वाडी तुटते, म्हणून तिथं साकव हवा होता. पायी माणूस पलीकडे जाईल एवढा छोटा पूल, त्याहून जास्त मागणं नव्हतं. चंद्राबाई नावाची सत्तरी ओलांडलेली म्हातारी त्या साकवासाठी धनाजीरावांना दरवेळी फैलावर घ्यायची. "पूल दे न्हाईतर माझी तिरडी तरी तुझ्याच गाडीत ने," असं तिनं मागे भर सभेत सुनावलं होतं.

आज चंद्राबाईनं पडवीत घोंगडी अंथरली. सुनेनं चहा आणला. धनाजीरावांनी छातीवर हात ठेवून नको म्हटलं आणि आपल्या थर्मासातलं कोमट पाणी काढलं. चंद्राबाई त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिली. साकवाचं नाव नाही, शिवी नाही, काही नाही. निघताना तिनं मधाची बाटली गाडीत ठेवायला लावली.

धनाजीराव ओढा ओलांडून गाडीशी आले तरी हनुमंतचा पत्ता नव्हता. त्यांनी मागे वळून बघितलं. हनुमंत अजून पडवीतच बसला होता आणि चार बायाबापड्यांशी डोकं जवळ नेऊन काहीतरी बोलत होता. साहेब बघतायत हे दिसताच गडबडीनं उठला, तोंड पुसलं आणि धावत आला.

"काय चाललं होतं?"

"काय न्हाई साहेब, असंच."

असंच म्हणजे काय, हे धनाजीरावांनी विचारलं नाही. पण त्यानंतरच्या प्रत्येक घरी त्यांनी लक्ष ठेवलं. ते उठले की हनुमंत मागे राहायचा, उंबऱ्याच्या आत जायचा, दोन-चार मिनिटांनी बाहेर यायचा. प्रत्येक घरी. कुठंतरी पाणी मुरत होतं आणि ते हनुमंतच्याच पायाशी मुरत होतं.

बुधवारी सारोळ्याला नीरेच्या काठावर एका जुन्या कार्यकर्त्याच्या वडिलांचा दहावा होता. आपल्याकडं खासदार संसदेत बोलला नाही तरी चालतं, दहाव्याला बोलला नाही तर चालत नाही. पिंडाला कावळा शिवेपर्यंत पुढाऱ्यांनी श्रद्धांजली वाहायची, हा रिवाज. धनाजीरावांची ती भाषणं नावाजलेली होती. त्यांनी सुरुवात केली, माणूस कसा क्षणभंगुर असतो ते सांगितलं आणि समोर बघितलं तर सगळा घाट गेलेल्या माणसाच्या मुलाकडे न बघता त्यांच्याकडेच बघत होता. पुढच्या रांगेतल्या दोघीतिघींनी डोळ्याला पदर लावला. धनाजीरावांचा शब्द अडखळला. इतकी वर्षं असं कधी झालं नव्हतं.

घाटाच्या पायऱ्या चढून ते वर आले तेव्हा हनुमंत एका झाडाआड फोनवर होता. "त्यांना यातलं काय बोलू नका. साहेबांच्या कानावर जाता कामा न्हाई. म्या बघतो," एवढं त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं. वीस-बावीस वर्षं ज्याच्या भरवशावर झोपलो, तो झाडाआड उभा राहून आपल्याविषयी असं बोलतोय. राग नंतर आला, आधी भीती वाटली.

गुरुवारी तर शंकेला पायच फुटले. सकाळी भोरच्या एसटी स्टँडसमोरून गाडी जाताना त्यांनी आनंदरावांना बघितलं. आनंदराव रस्त्याच्या कडेला उभे राहून कुणाच्या तरी खांद्यावर हात टाकून बोलत होते. तो खांदा हनुमंतचा होता.

"इरशाद, बघितलंस?"

"गर्दी होती साहेब, माझं ध्यान रस्त्यावर होतं," इरशाद म्हणाला. हाही त्यातलाच की काय, असं धनाजीरावांच्या मनात येऊन गेलं.

दुपारी ते शहरात खुर्शिदाबींच्या घरी गेले. खुर्शिदाबींचा महिलांचा बचत गट होता आणि मोहल्ल्यातली मतं त्यांच्या एका शब्दावर हलायची. कब्रस्तानची पडकी भिंत बांधून द्या, हे त्यांचं जुनं मागणं. धनाजीराव ते देतो देतो म्हणत आले होते आणि खुर्शिदाबी हसत हसत त्यांना खोटारडा म्हणत आल्या होत्या. आज त्यांच्या मुलीनं, शाहीननं, चहा आणि नानकटाई आणून ठेवली. धनाजीरावांनी सवयीनं काही न घेता ताट बाजूला सरकवलं. खुर्शिदाबींनी एकदाही आग्रह केला नाही. "उचल गं," एवढंच मुलीला म्हणाल्या. भिंतीचं धनाजीरावांनीच काढलं, तर म्हणाल्या, "राहू द्या आता. बघू आमी आमचं."

ते बाहेर आले. हनुमंत मागे राहिला. यावेळी चांगला पाच-सहा मिनिटं.

सगळं जुळत होतं. हनुमंत घरोघर मागे राहतो, माणसांच्या कानाला लागतो, माणसं मागायची थांबतात. जिथं मागणं थांबलं तिथं मतही थांबलं. आणि वर आनंदरावांचा हात त्याच्याच खांद्यावर. धनाजीरावांना आता पुराव्याची गरजच वाटेना. ज्याला शंका घ्यायची सवय असते त्याला पुरावा ही चैन वाटते.

शुक्रवारी विश्रामगृहात पदाधिकाऱ्यांची बैठक होती. चाळीसेक माणसं असतील. बैठक संपता संपता धनाजीराव उठले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "हनुमंत, आनंदरावाचं मीठ कधीपासून खायला लागलास?"

हनुमंत भिंतीशी उभा होता. त्याला आधी कळलंच नाही की हे आपल्याला आहे. कळलं तेव्हा त्याचा चेहरा काळवंडला. "साहेब?" एवढंच म्हणाला.

"घराघरात मागं राहून काय पेरतोस, ते मला दिसत नाही असं वाटतं का? उद्यापासून यायचं नाही."

कुणीतरी मध्ये पडेल असं हनुमंतला वाटलं असावं. त्यानं एकदा सगळ्या खुर्च्यांकडे बघितलं. माणसं आपापल्या मोबाईलमध्ये बघत होती. त्यातल्या निम्म्यांना धनाजीरावांपर्यंत त्यानंच पोचवलं होतं. मग त्यानं कार्यालयाची किल्ली टेबलावर ठेवली, "तुमी म्हणता तसं, साहेब" म्हणाला आणि चप्पल घालून बाहेर गेला. इरशादनं गाडीपाशी त्याला काहीतरी विचारलं, पण तो थांबला नाही. एसटीनं किकवीला गेला.

धनाजीरावांना वाटलं होतं, आता हलकं वाटेल. तसं वाटलं नाही. हनुमंत भांडला असता, शिव्या दिल्या असत्या, तर बरं झालं असतं. आता निदान त्याच्या लबाडीचा एक साक्षीदार हवा, म्हणजे स्वतःला तरी सांगता येईल, असं त्यांना रात्रभर वाटत राहिलं. म्हणून शनिवारी सगळे कार्यक्रम रद्द करून ते इरशादला घेऊन पुन्हा केळदच्या त्या वाडीवर गेले. चंद्राबाई तोंडाची फटकळ होती. ती खोटं बोलणार नव्हती.

म्हातारी पडवीत नाचणी पाखडत बसली होती. धनाजीराव तिच्यासमोर उकिडवे बसले.

"चंद्राबाई, मंगळवारी साकवाचं काय बोलला नाहीत ते?"

"काय बोलायचं आता." तिनं सूप खाली ठेवलं. "दुखण्यातल्या माणसाला कुणी काम सांगतं व्हय बाबा? माणुसकी हाय का न्हाई?"

"दुखण्यातला? कोण?"

"आता कोण म्हंजी! तूच की. आरं, केवढा व्हतास आन् काय झालास! गळा बघ. चहा न्हाई, पानी बी आमच्या घरचं घेईनास, औशदाचं पानी संगं घिऊन हिंडतोस. आमाला काय डोळं न्हाईत? माज्या धाकट्या दिराचं असंच झालं व्हतं. चहा सुटला, आन् चार महिन्यांत माणूस गेला."

धनाजीरावांना हसावं की रडावं कळेना. "हे तुम्हाला हनुमंतनं सांगितलं?"

"त्यो कशाला सांगंल? त्यो तर शपता घालत व्हता. म्हनं, सायेब ठणठणीत हाईत, डाक्टरनी निस्ता चहा बंद केलाय. आमीच म्हनलं, घरचा माणूस असंच म्हननार. मालकाचं दुखणं कोण चव्हाट्यावर मांडंल?"

"मग तो मागं का बसला होता?"

चंद्राबाईनं त्यांच्याकडे असं बघितलं जसं एखाद्या मंद पोराकडे बघावं. "चहा प्यायला. तुझ्या वाटचा. सून कप आत न्यायला लागली तवा म्हनला, सायबाचा कप भरल्याला माघारी जाता कामा न्हाई, द्या हिकडं. गार झाल्याला चहा प्याला बाबा त्यो. तुझ्या नावानं प्याला. आज कुठं ऱ्हायला?"

धनाजीरावांना एकदम सगळी घरं आठवली. मंगळवारची, बुधवारची, गुरुवारची. दिवसाला वीस घरं, चाळीस कप, आधी स्वतःचा आणि वर साहेबांचा. आणि प्रत्येक वेळी तोंड पुसत धावत येणारा हनुमंत.

गाडी उतरणीला लागली तेव्हा इरशाद आपणहून बोलायला लागला. त्या आठवड्यात पहिल्यांदाच.

"साहेब, आमच्याकडं वेगळंच चाललंय. खुर्शिदाचाची म्हणत्यात, साहेब आता आमच्या घरचं खात न्हाईत, म्हंजी बदलले. हनुमंतभाऊ परवा मागं राहून त्यांच्या पाया पडत व्हता. दोन कप चहा पिला, नानकटाई खाल्ली, आन् म्हनला, ही साहेबांनी खाल्ली असं समजा. सारोळ्यात म्हणत्यात, साहेबांना विषाची भीती वाटती. नदीवर फोन आला व्हता त्यो ह्याच बोलण्यापायी. आन् आनंदरावांनी त्याला स्टँडवर गाठून विचारलं, साहेबांचं खरं दुखणं काय. त्यानं तितंच त्यांना झाडलं. पलीकडल्या टपरीवाल्यानं सांगितलं मला."

"मग मला का नाही सांगितलंस?" धनाजीराव ओरडले.

इरशादनं गाडीचा वेग कमी केला. "हनुमंतभाऊनं सोमवारी सांगितलं की तुमाला," तो म्हणाला. "म्या सांगितलं असतं, तर शुक्रवारी भाऊसंगं म्या बी गेलो असतो. मला दोन पोरी हायती साहेब."

नसरापूर येईपर्यंत धनाजीराव खिडकीबाहेर बघत राहिले.

रविवारी सकाळी ते किकवीला गेले. बरोबर कार्यकर्ते नाहीत, फोन बंद. हायवे सोडून गाडी आत वळली तेव्हा त्यांना जरा बरं वाटलं. हे घर त्यांचं होतं. निवडणुकीच्या धामधुमीत कितीदा ते इथं मागच्या दारानं शिरले होते, चुलीपाशी पाट ओढून बसले होते, हनुमंतच्या बायकोला, सुलक्षणाला, "भाकरी टाक गं" असं हक्कानं म्हणाले होते. हनुमंत रुसला असेल. रुसू दे. चार शब्द ऐकून घेऊ, पाठीवर थाप मारू, गाडीत घालून नेऊ.

सुलक्षणा मागच्या अंगणात भांडी घासत होती. गाडी बघून ती उठली, डोक्यावर पदर घेतला आणि म्हणाली, "पुढल्या दारानं या."

पुढच्या खोलीत खुर्ची होती, तीवर धुतलेली चादर टाकली होती. हनुमंत इस्त्रीचा सदरा घालून बाहेर आला. रात्रभर जागल्यासारखे डोळे होते. त्यानं वाकून नमस्कार केला.

"हनुमंत, चूक झाली रं," धनाजीराव बसायच्या आधीच म्हणाले. असं वाक्य त्यांनी आयुष्यात कुणाला म्हटलं नव्हतं. "मला सगळं कळलं. चंद्राबाईनं सांगितलं, इरशादनं सांगितलं. माझ्या डोळ्यांवर पडदा पडला होता. चल, गाडीत बस. पुढच्या शुक्रवारी त्याच हॉलमध्ये, त्याच माणसांसमोर माझे शब्द मागे घेतो."

"बसा साहेब. उभ्यानं कशाला?"

चहा आला. चिनी मातीच्या कपबशीत, ट्रेमध्ये, बशीत बिस्किटं मांडून. या घरात त्यांनी आजवर फक्त स्टीलच्या पेल्यात चहा प्याला होता. धनाजीरावांनी कप उचलला आणि साखरेसकट शेवटच्या घोटापर्यंत प्याले. हनुमंतनं ते बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही.

"ह्यांना परवा रात्री पित्तानं झोप न्हाई," सुलक्षणा दारातून म्हणाली, "तरी म्हनत व्हतं, शनिवारचा दौरा मोठा हाय, साहेबांचं कसं व्हनार."

"तू आत जा," हनुमंत म्हणाला. मग धनाजीरावांकडे वळून म्हणाला, "तिचं मनावर घेऊ नका. तुमचा राग न्हाई साहेब मला. खरंच न्हाई. तुमच्या जागी माणसानं शंका घ्यावीच लागती. पण म्या इतकी वर्षं समजत व्हतो, ती शंका बाकीच्यांसाठी हाय."

"हनुमंत, मला माणसं ओळखता येत नाहीत तुझ्याशिवाय. यायला लागतंय तुला."

हनुमंतनं हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. आत हाक मारली, "अगं, आण ते." सुलक्षणा ताट घेऊन आली. ताटात नवा टॉवेल, पांढरी टोपी, नारळ आणि कुंकवाची कोयरी. लांबून आलेल्या पाहुण्याची गावात जशी बोळवण करतात, तशी तयारी त्यांनी आधीच करून ठेवली होती.

"अरे, हे काय? मी काय पाहुणा आहे?"

हनुमंत पुढं झाला. त्यानं धनाजीरावांना कुंकू लावलं, डोक्यावर टोपी ठेवली, खांद्यावर टॉवेल घातला, हातात नारळ दिला. मग वाकून पाया पडला, जसा कुठल्याही खासदाराच्या पडला असता. शेजारची दोनतीन माणसं दारात जमली होती, त्यांनी टाळ्या वाजवल्या. धनाजीरावांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

हनुमंत त्यांना गाडीपर्यंत सोडायला आला. दार उघडून धरलं.

"बरं वाटलं साहेब, आलात ते," तो म्हणाला. "परत कधी ह्या बाजूला आलात, तर घर हाय."

त्यानं दार हळूच लावलं आणि गाडी हायवेला लागेपर्यंत तो हात जोडून उभा होता.